इंदूरच्या उन्हाळ्यात नेरोलीचं अत्तर

भूमध्य समुद्राकाठच्या बागेसारखं अत्तर करायचं म्हटलं की आपला हात आधी मोगऱ्याकडे जातो, आणि तिथेच गणित बिघडतं. मोगऱ्यानं गजरा होतो, लग्नघर होतं, बाग होत नाही. तिकडच्या बागेत फुलाइतकाच तापलेल्या पानांचा, चिकट राळेचा आणि कोरड्या लाकडाचा वास असतो. म्हणून आधी पान, मग फूल.

कणा कडू नारिंगाचा. स्पेनमधल्या सेव्हिलच्या कॅथेड्रलच्या अंगणात हीच झाडं आहेत. फुलांपासून नेरोली हे तेल निघतं, पानं आणि कोवळ्या डहाळ्यांपासून पेटीग्रेन. दारातल्या कागदी लिंबाचं पान चुरगळून हुंगा, पेटीग्रेनची दिशा कळेल: हिरवट, किंचित कडवट. नुसतं नेरोली गोडसर आणि पोकळ वाटतं, पेटीग्रेन त्याला देठ देतं. एक किलो नेरोलीला साधारण १००० किलो फुलं लागतात, तेव्हा शे-दोनशे रुपयांत १० मिली मिळत असेल तर ते नेरोली नव्हे.

फुलात जोड द्यायची ती जाईची, जिला इंदुरात बरेच जण चमेली म्हणतात. फ्रान्समधल्या ग्रास या अत्तरांच्या गावची प्रसिद्ध जॅस्मिन हीच. मात्र जाई अगदी थोडी. जास्त झाली तर तिच्यातल्या इंडोल या घटकामुळे वास जड होतो आणि नेरोली दबतं.

१० ग्रॅम अत्तरासाठी प्रमाण असं: अ‍ॅटलस सीडर ०.४०, लॅव्हेंडर ०.१६, नेरोली ०.३०, पेटीग्रेन ०.२०, बर्गमोट (लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचं तेल) ०.३० ग्रॅम. जाईचं अ‍ॅब्सोल्यूट (फुलांचा दाट अर्क), सिस्टस (चिकट राळेच्या एका झुडपाचं तेल) आणि रोझमेरी फार कमी लागतात, म्हणून प्रत्येकाचं होहोबा तेलात आधी १० टक्क्यांचं द्रावण करा. त्यातून जाई ०.५०, सिस्टस ०.७०, रोझमेरी ०.२० ग्रॅम. वर होहोबा ७.२४ ग्रॅम. थेंब मोजू नका, जाड तेलाचा थेंब आणि पातळ तेलाचा थेंब सारखा नसतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवाच.

सीडर आणि सिस्टस आधी, मग फुलं आणि बाकीची तेलं, शेवटी बर्गमोट, कारण ते सर्वांत लवकर उडतं. वरचं ७.२४ ग्रॅम होहोबा न घालता आठवडाभर झाकून ठेवा, नंतर ते मिसळून अंधारात तीन-चार आठवडे. पहिल्या दोन दिवसांत रोझमेरी औषधासारखी टोचते. घाबरून जाई वाढवू नका, रोझमेरीचा तो वास हळूहळू बसतो.

सिस्टसच्या जागी लॅब्डॅनम अ‍ॅब्सोल्यूट घेतलंत तर ते तेलात नीट विरघळत नाही, तळाशी तपकिरी गाळ बसतो. ऊर्ध्वपातनानं काढलेलं सिस्टस तेल घ्या. झाड तेच, पण विरघळतं.

बर्गमोटच्या बाबतीत तडजोड करू नका. साध्या, सालीतून दाबून काढलेल्या तेलात बर्गॅप्टीन असतं. ते लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजते, डाग राहतात. अंगावर राहणाऱ्या वस्तूत त्याची मर्यादा ०.४ टक्के आहे आणि आपण ३ टक्के घालतो आहोत. म्हणजे बर्गॅप्टीन काढलेलं, 'एफसीएफ' लिहिलेलंच हवं. मे महिन्यातल्या इंदूरच्या उन्हात तर नक्कीच.

घरच्या फुलांचा मोह होतो, पण ताज्या पाकळ्या तेलात बुडवून ठेवल्या तर त्यांतल्या पाण्यानं बुरशी धरते. जाई खुडल्यावरही सुगंध सोडत राहते, म्हणून ग्रासमध्ये ती गार चरबीवर पसरत आणि रोज फुलं बदलत. ते काम वेगळं, हौसेनं करायचं असेल तर स्वतंत्र करा.

बाटली काठोकाठ भरा. हवा राहिली की बर्गमोट आणि लॅव्हेंडर हवेतल्या ऑक्सिजननं बिघडतात आणि त्वचेला खाज आणतात. खिडकीत किंवा गाडीत नको, कपाटात ठेवा. जानेवारीतल्या गार रात्री होहोबा गोठल्यासारखं दिसलं तर बाटली तळहातात धरा, पाच मिनिटांत मोकळं होतं.

लावायचं संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, मनगटावर आणि कानामागे एकेक बोट. मालव्याच्या रात्रीच्या गार वाऱ्यात पेटीग्रेन आधी येतं, नेरोली तासाभरानं उमलतं.