तळापर्यंतचा उजेड : आमची वाटचाल

पुण्यातील बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास विजेच्या सामानाची जी दाट बाजारपेठ आहे, तिथून ट्यूबलाइटच्या पट्ट्या, चोक आणि स्टार्टर आणून फिशटँकच्या झाकणात बसवून देणे, एवढ्यावर आमच्या व्यवसायाची सुरुवात झाली. माझा धाकटा भाऊ वायरिंगचे काम शिकलेला आणि मला पाणवनस्पतींचे वेड. त्यामुळे मासे किंवा टाक्या न विकता केवळ प्लांटेड टँकची, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या टाकीची, प्रकाशयोजना करणारे दुकान आम्ही उभे करू शकलो. आज आम्ही एलईडीची फिटिंग स्वतः तयार करतो, जुनी बदलून देतो आणि दुरुस्तही करतो. पट्टी गेली, एलईडी आली, तरी टाकीच्या तळाशी, जिथे रोप मूळ धरते तिथे, किती उजेड पोहोचतो हे पाहिल्याशिवाय दिवा ठरवायचा नाही, हा आमचा नियम कायम राहिला आहे.

सुरुवातीला सगळीकडे २६ मिलिमीटर व्यासाची टी-८ पट्टी असे. चार फुटी टाकीवर ३६ वॅटच्या दोन पट्ट्या लावल्या की व्हॅलिस्नेरिया, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन अशी सोशिक रोपे समाधानाने वाढत. सातारा-सांगलीकडच्या ग्राहकांची अडचण मात्र वेगळी होती. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज गेली की यांत्रिक टायमरची तबकडी जागीच थांबे, दिव्याची वेळ रोज काही तासांनी पुढे सरके आणि आठवडाभरात टाकीत मध्यरात्री उजेड पडू लागे. रोपे अशा वेळापत्रकाने खंगतात. म्हणून आतली छोटी बॅटरी वेळ धरून ठेवते असा डिजिटल टायमर प्रत्येक फिटिंगसोबत द्यायला आम्ही तेव्हाच सुरुवात केली, आणि आजही टायमरशिवाय फिटिंग विकत नाही.

पुढे १६ मिलिमीटरची टी-५ पट्टी आली. दोन फुटांना २४ वॅट आणि चार फुटांना ५४ वॅट, सोबत जुन्या चोकच्या जागी इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट. कमी जागेत अधिक उजेड देणारी ही पट्टी सभोवतालचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या जवळ असताना सर्वाधिक प्रकाश देते. पुण्याच्या एप्रिलमध्ये बंद झाकणाच्या आत तापमान त्याच्या बरेच वर जाते आणि उजेड घटतो. त्यामुळे झाकणाला मागून जाळी ठेवणे आणि दोन पट्ट्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवणे हे आमच्या कामाचे वैशिष्ट्य ठरले. पट्टी जळेपर्यंत थांबू नये, साधारण वर्षाने बदलावी, हे ग्राहकांना पटवणे कठीण जाई, कारण आतल्या फॉस्फरची, म्हणजे उजेड देणाऱ्या लेपाची, झीज इतकी हळू होते की डोळ्यांना ती कळतच नाही.

याच सुमारास जपानमधील पाणवनस्पतींच्या टाक्यांचे रचनाकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांच्या शैलीतील टाक्यांची छायाचित्रे हौशी मंडळींच्या हाती आली आणि वरून टांगलेल्या १५० वॅटच्या मेटल हॅलाइड दिव्याची मागणी होऊ लागली. त्या टाक्यांमध्ये प्रखर दिव्याइतकाच वाटा कार्बन डायऑक्साइडचा आणि नेमक्या खताचा होता, हे आम्ही प्रत्येकाला सांगत आलो. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची तयारी नसलेल्या ग्राहकाला आम्ही तसा दिवा विकला नाही.

खरा बदल एलईडीने घडवला. निळ्या एलईडीच्या शोधासाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल दिले गेले, आणि पांढरी एलईडी म्हणजे बहुतेक वेळा ही निळी चिपच असते, जिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो. २०१५ पासून केंद्र सरकारच्या उजाला योजनेमुळे एलईडी बल्ब घरोघरी पोहोचले, किमती उतरल्या, आणि लोक घरातलाच बल्ब टाकीवर लावू लागले. साध्या रोपांना तो चालतोही. ६५०० केल्व्हिनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या, चांगल्या बल्बखाली अनुबियस उत्तम वाढतो. पण लिटरमागे अर्धा वॅट हा पट्ट्यांच्या काळातला ठोकताळा एलईडीला लागू करणे चुकीचे आहे, कारण तितक्याच वॅटमध्ये एलईडी कितीतरी अधिक प्रकाश देते. खोक्यावरच्या ल्युमेनच्या आकड्यावरही विसंबता येत नाही. ल्युमेन माणसाच्या डोळ्याला दिसणारा उजेड मोजतो आणि डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. रोप मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळाच प्रकाश वापरते.

म्हणून आम्ही रोपाला वापरता येणारा हा प्रकाश मोजणारा पार मीटर घेतला. छोट्या दुकानासाठी तो खर्च मोठा होता, पण आमच्या व्यवसायाला वळण मिळाले ते या उपकरणामुळेच. सेन्सर पाण्यात तळापर्यंत सोडायचा, मधोमध आणि चारही कोपऱ्यांत नोंद घ्यायची, आणि मग बोलायचे. एकाच दिव्याखाली मध्यभागी ८० आणि कोपऱ्यात २५ मायक्रोमोल (या मीटरचे एकक) असा फरक सहज आढळतो. उंच टाकीला अरुंद कोनाची भिंग असलेली एलईडी लावली तर उजेड खोल जातो पण कडा अंधारात राहतात. रुंद कोनाची लावली तर बराच उजेड काचेबाहेर खोलीत सांडतो. आमच्या अनुभवानुसार जावा फर्न व क्रिप्टोकोरिन यांना तळाशी २० ते ४० पुरतात, बहुतेक देठाच्या रोपांना ५० च्या आसपास, आणि तळभर पसरणारी नाजूक रोपे किंवा गडद लाल वाण हवे असतील तर ८० ते १००, तेही कार्बन डायऑक्साइड देत असाल तरच. मोजून झाल्यावर अनेकदा आमचे उत्तर असते की नवा दिवा नको. काच व झाकण पुसा, बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार व्हिनेगरने काढा. त्यातून विक्री होत नाही, तरीही आम्ही हेच सांगतो.

जुनी पट्टी काढून एलईडी लावल्यावर महिन्याभरात शेवाळ आले, ही तक्रार आम्हाला इतर कोणत्याही तक्रारीपेक्षा अधिक ऐकावी लागते. उजेड वाढला की रोपाची भूक वाढते. नायट्रेट, पोटॅशियम, फॉस्फेट आणि कार्बन डायऑक्साइड त्याच वेगाने मिळाले नाहीत तर रोप अडते आणि उरलेल्या उजेडाचा लाभ शेवाळ घेते. त्यामुळे नवी फिटिंग आम्ही निम्म्या तेजावर आणि रोज सहा तासांवर लावून देतो, दर पंधरवड्याला रोपांचे नवे शेंडे पाहून थोडे वाढवतो, आणि आठ तासांच्या पुढे सहसा जात नाही.

लाल रोपांबद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते. रोटाला मॅक्रँड्रा हे दक्षिणेकडील पश्चिम घाटातले, म्हणजे आपल्याच सह्याद्रीच्या रांगेतले रोप; ते टाकीत फुललेले पाहणे मला अतिशय प्रिय आहे. साध्या पांढऱ्या एलईडीत लाल प्रकाश कमी असल्याने ते निरोगी असूनही तपकिरी दिसते आणि ग्राहक नाराज होतो. अशा टाकीसाठी आम्ही पांढऱ्यासोबत ६६० नॅनोमीटरच्या लाल चिप बसवतो. त्याने पान उठून दिसते. मात्र त्याला प्रत्यक्ष रंग चढण्यासाठी पुरेशी तीव्रता लागतेच.

फिटिंग बनवताना आम्ही सर्वाधिक काळजी उष्णतेची आणि ड्रायव्हरची, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या भागाची, घेतो. एलईडी चिप हजारो तास टिकते, पण तिच्याआधी बहुधा ड्रायव्हरमधला कपॅसिटर दम तोडतो, आणि सीलबंद फिटिंग असेल तर सगळेच फेकावे लागते. आमच्या फिटिंगमध्ये उष्णता बाहेर टाकणारा जाड ॲल्युमिनियमचा हीट सिंक असतो आणि ड्रायव्हर झाकणाबाहेर, पाण्याच्या वाफेपासून दूर, स्क्रू काढून बदलता येईल असा ठेवलेला असतो.

पाऱ्याविषयीच्या मिनामाटा कराराच्या २०२३ च्या परिषदेत फ्लोरोसंट पट्ट्यांचे उत्पादन २०२७ च्या अखेरपर्यंत बंद करण्याचे ठरल्यापासून टी-५ वापरणारे जुने ग्राहक पुन्हा येऊ लागले आहेत. त्यांचे झाकण सुस्थितीत असेल तर ते तसेच ठेवून आतला बॅलास्ट व होल्डर काढून एलईडी बसवण्याचा आमचा आग्रह असतो. काढलेल्या पट्ट्या न फोडता खोक्यात घालून आम्ही अधिकृत ई-कचरा संकलकाकडे देतो, कारण पारा असलेले दिवे २०१६ च्या नियमांपासून ई-कचऱ्यात मोडतात, आणि या कामाचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.