दगड वाकला कधी?

बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्गच्या बाजूला, घड्या पडलेले खडक दाखवायला पोरांना घेऊन गेलं की एक प्रश्न ठरलेला: “सर, हा दगड वाकला कधी, ते कोण लिहून ठेवलंय?” परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नोंद असते, पण ती दगडाच्या वयात शोधू नका. गाडीच्या आरसीवर गाडी कधी घेतली ते असतं, बंपर कधी चेपला ते नसतं. वाळूच्या खडकातला झिरकॉनचा (वय मोजायला वापरतात त्या टणक खनिजाचा) कण काढून मोजलात तर तो कण मुळात ज्या ग्रॅनाइटातून झिजून आला, त्याचं वय हाती येईल. खडक त्यानंतरचा, आणि वाकणं त्याच्याही नंतरचं.

म्हणून शोधायचं ते वाकतानाच जन्मलेलं खनिज. दाब आणि उष्णता वाढली की चिकणमातीचं बारीक अभ्रक होतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पापुद्र्या दाबाला आडव्या, एकाच दिशेनं निजलेल्या दिसतात. क्वार्ट्झचे कण त्यांच्यामध्ये चेपून लांबट झालेले. या अभ्रकात पोटॅशियम असतं. त्याच्या दहा हजार अणूंमागे साधारण एक पोटॅशियम-40, म्हणजे आपोआप मोडत जाणारा किरणोत्सारी अणू. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू मोडायला लागणारा काळ, 125 कोटी वर्षं. मोडणाऱ्या शंभर अणूंपैकी अकराएक अरगॉन होतात, बाकीचे कॅल्शियम. अरगॉन वायू कुणाशी संयोग पावत नाही, नुसता स्फटिकात अडकून राहतो. तो आणि उरलेलं पोटॅशियम मोजलं की वय निघतं.

पण अभ्रक 400 अंशांच्या आसपास तापलं तर हा वायू निसटतो, पापुद्री बारीक असेल तर त्याआधीच. मग मिळते ती वाकण्याची नव्हे, थंड होण्याची तारीख. कुणी नुसता आकडा सांगितला की मी आधी तापमान विचारतो.

आपल्या भागात दुसरा मार्गही आहे. इथल्या खडकांचे दोन गट, जुना बागलकोट आणि नंतरचा बदामी. खालचे बागलकोट गटाचे थर तिरके, कुठं कुठं जवळपास उभे. त्यांच्यावर बदामी गटाचे थर आडवे. म्हणजे वरचे थर साचण्याआधी खालचे वाकून, झिजून मोकळे झाले होते. त्या वाकलेल्या थरांमध्ये घडीच्या अक्षालगत, म्हणजे ती जिथं दुमडते त्या रेषेलगत, घुसलेल्या एका डाईकचं (भेगेत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या भिंतीचं) अरगॉन-अरगॉन वय (वरच्याच मोजणीची सुधारित पद्धत) सुमारे 115 कोटी वर्षं निघालं. ते 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. घडी पडायला लागल्याशिवाय डाईक तिच्या अक्षात शिरणार कशी? म्हणजे वाकायला सुरुवात झाली ती त्याआधी, फार तर त्याच सुमारास. बेळगाव शहराखालचा काळा दगड 6.6 कोटी वर्षांचा, म्हणजे फार नंतरचा, या हिशोबात त्याचा काही उपयोग नाही.

“मग आमच्या शेतातल्या दगडाचं काढून द्या की,” असंही म्हणतात. आणा, पण पिवळा पडलेला, भुसभुशीत तुकडा नको, त्यातलं पोटॅशियम पाण्यानं गेलेलं असतं. आतला ताजा, चकाकणारा काढा. आणि फोडण्याआधी त्याच्यावर मार्करनं उत्तर दिशेचा बाण करा, नाहीतर दाब कुठून आला ते कळायचं नाही.