कपाटावरचा संगणक

घरातल्या सगळ्या यंत्रांमध्ये राउटरकडे आपण तो रुसला तरच पाहतो. एरवी तो कपाटावर धूळ खात दिवे मिचकावत असतो आणि नेट बंद पडले की कोणीतरी जाऊन त्याचे बटण बंद-चालू करते. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतेही. तो एक छोटा पण पुरता संगणक आहे, आणि त्याच्या आतली कार्यप्रणाली काढून आपल्या पसंतीची घालता येते, हे सहसा कोणाच्या ध्यानीमनी नसते.

या खटाटोपाचे मूळ लिंक्सिस कंपनीने २००२ च्या अखेरीस आणलेल्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरमध्ये आहे. त्याच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, लिनक्स ही खुली कार्यप्रणाली दडलेली आहे, हे पुढच्याच वर्षी काही चौकस मंडळींनी हुडकून काढले. लिनक्सच्या जीपीएल परवान्याची अट अशी की, ते घातलेली वस्तू विकायची तर त्याचा मूळ कोडही खुला करायचा. कंपनीने तो रेटा वाढल्यावर दिला, आणि त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचे खुले फर्मवेअर उभे राहिले. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना मद्याच्या कॉकटेलांची नावे असत आणि राउटरमध्ये लॉगिन केल्यावर पडद्यावर त्या पेयाची कृतीही झळके. व्होडका किती, लिंबाचा रस किती, सगळे मापासकट. कंपन्यांच्या रुक्ष सेटिंग पानांपेक्षा मला हा वात्रटपणा जवळचा वाटतो.

नवे फर्मवेअर चढवण्याची क्रिया पाच-दहा मिनिटांची असली तरी ती मिनिटे जीव टांगणीला लावतात. लॅपटॉप वायरने जोडायचा, १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडायचा, फाइल निवडून बटण दाबायचे आणि मग कशालाही हात न लावता दिव्यांकडे बघत बसायचे, कारण या वेळात वीज गेली तर राउटरची वीट होण्याची, म्हणजे तो निकामी होण्याची, शक्यता असते. आपल्याकडे त्यामुळे इन्व्हर्टर चालू असल्याची खात्री करणे हाही विधीचाच भाग ठरतो. ओपनडब्ल्यूआरटी पहिल्यांदा घातल्यावर वायफाय सहसा बंदच असते, ते आपण चालू करायचे. नवख्या माणसाला तेवढ्यानेही घाम फुटतो.

एवढे करून मिळते काय, असे घरचे विचारतात. नेटचा वेग वाढत नाही; उलट मी तो मुद्दाम थोडा कमी करतो. घरातला एखादा फोन फोटो क्लाउडवर चढवू लागला की दुसऱ्या खोलीतला व्हिडिओ कॉल तुटू लागतो, कारण फोटोंची पॅकेट्स, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, मोडेमच्या लांबलचक रांगेत दाटीने उभी राहतात आणि आवाजाची इवली पॅकेट्स त्यांच्या मागे ताटकळतात. याला बफरब्लोट म्हणतात. राउटरला एसक्यूएम या रांग सांभाळणाऱ्या सोयीद्वारे लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा किंचित कमी मर्यादा घातली की ती रांग पुढे न साचता आपल्याच राउटरमध्ये लागते, आणि तिथे २०१२ मध्ये मांडलेल्या कोडेल पद्धतीवर बेतलेले प्रोग्राम प्रत्येकाला आळीपाळीने पुढे सोडतात. कागदावरचे मेगाबिट थोडे घटतात आणि आईचा परदेशातल्या नातवाशी चाललेला कॉल मात्र अडखळत नाही. हा सौदा मला फार पटतो.

दुकानात मात्र या आवडीपायी पंचाईत होते. नाव तेच, खोके तेच, पण आतला माल वेगळा, असा प्रकार राउटरमध्ये सर्रास चालतो. डब्ल्यूआरटी५४जीच्याच पाचव्या आवृत्तीत २००५ मध्ये लिनक्स जाऊन व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त कार्यप्रणाली आली, फ्लॅश, म्हणजे फर्मवेअर साठवायची जागा, ४ मेगाबाइटवरून २ वर आणि रॅम १६ वरून ८ वर उतरली. तेव्हापासून जाणकार माणूस खोके उलटे करून स्टिकरवरचा आवृत्तीचा आकडा वाचल्याशिवाय पाकीट काढत नाही. मीही तेच करतो, आणि दुकानदार समोरून समजावत राहतो, “साहेब, तो राहू द्या, हा चार अँटेनावाला घ्या, रेंज एक नंबर आहे.”