मारेकरी पेशी आणि मागची आवराआवर

सोमवार

‘टी पेशी रोगट पेशी फोडते’ असं आपण सर्रास लिहितो. आज ते वाक्य खोडलं. मारेकरी टी पेशी (रोगट पेशींना मारणारी पांढरी रक्तपेशी) समोरचीला फोडत नाही, तिला स्वतःलाच मोडून घ्यायला लावते. फुटलेल्या पेशीतला ऐवज बाहेर सांडतो आणि आजूबाजूला दाह पेटतो. शिस्तीत मोडलेली पेशी सांडत नाही, तिच्या बंद पुड्या होतात.

सगळा प्रकार काही मिनिटांचा. टी पेशी समोरच्या पेशीवरचा, एमएचसी या प्रथिनाच्या खाचेतला ८ ते १० अमिनो आम्लांचा प्रथिनाचा तुकडा चाचपते. तो जुळला की ती चिकटते, आणि तिचा सेंट्रोसोम (पेशीतल्या वाहतुकीच्या धाग्यांचं केंद्र) संपर्काच्या जागेकडे सरकतो. त्याच्यामागून मारायचं सामान भरलेल्या कणिका येतात. या कणिका म्हणजे बदललेले लायसोसोमच, पेशीच्या पचनाच्या पिशव्या. आत आम्ल असतं, म्हणून पर्फोरिन हे भोक पाडणारं प्रथिन तिथे गप्प बसतं. बाहेर पडून कॅल्शियम मिळालं की त्याचे वीसेक रेणू समोरच्या पडद्यात रुतून कडं करतात आणि त्या भोकातून ग्रॅन्झाइम, म्हणजे कणिकांमधलं प्रथिनं कापणारं एंझाइम, आत शिरतं. (कॅल्शियम ईजीटीए या रसायनाने बांधून टाकलं की हा मार्ग बंद पडतो. मारायचा दुसरा मार्ग, समोरच्या पेशीवरच्या फास या ग्राहीतून जाणारा, मात्र चालू राहतो. दोन्ही वेगळे ओळखायची ही जुनी युक्ती.)

ग्रॅन्झाइम बी हा त्यातला एक प्रकार कॅस्पेज-३ ला, म्हणजे पेशीच्या स्वतःच्या मोडतोड करणाऱ्या एंझाइमला, कापून जागं करतं. कॅस्पेज-३ डीएनए कापणाऱ्या एंझाइमचा लगाम तोडतं. मग न्यूक्लिओसोमच्या (डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांच्या रिळांच्या) मधल्या मोकळ्या जागी डीएनए कापला जातो, म्हणून तुकडे साधारण १८० ते २०० जोड्यांच्या पटीत पडतात आणि तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर शिडी दिसते. जेलवर शिडीऐवजी नुसता ओघळ दिसला तर पेशी बहुधा शिस्तीने मेलेली नाही.

तेच पर्फोरिन टी पेशीलाच भोक का पाडत नाही? संपर्काच्या जागी तिचा पडदा इतका घट्ट विणलेला असतो की ते रुतत नाही. त्यातूनही चिकटलं तर तिथल्या फॉस्फॅटिडिलसेरीन या मेदात अडकून निकामी होतं.

मंगळवार

‘फोडते’ हा शब्द रुजला त्यात मोजण्याच्या पद्धतीचा हात असावा. क्रोमियम-५१ या किरणोत्सारी क्रोमियमची चाचणी १९६८ पासूनची. टार्गेट पेशींना, म्हणजे ज्यांना मारायचं त्यांना, ३७ अंशांवर तासभर क्रोमियम पाजायचं, तीनदा धुवायचं, ९६ खळग्यांच्या गोल तळाच्या प्लेटमध्ये मारेकरी पेशींसोबत चार तास ठेवायचं आणि वरच्या द्रवात किती किरणोत्सार आला ते मोजायचं. सोबत दोन नियंत्रणं: नुसत्या टार्गेटची आपोआप होणारी गळती, आणि डिटर्जंट घालून झालेली कमाल गळती. प्रत्यक्ष गळतीतून आपोआपची वजा करायची. कमालमधूनही आपोआपची वजा करायची. पहिल्याला दुसऱ्याने भागून १०० ने गुणायचं. आपोआपची गळती कमालच्या २५-३० टक्क्यांवर गेली तर प्लेट टाकून द्यावी. टार्गेट आधीच अर्धमेली होती.

मोजली जाते ती गळती. बशीत आवरायला कुणी नाही, त्यामुळे न उचललेल्या पुड्या उशिरा का होईना गळतातच. शरीरात जे होऊ नये, तेच इथे आकडा बनतं.

गुरुवार

शरीरात आवरणारी ती मॅक्रोफेज, मेलेल्या पेशी गिळणारी पेशी. मरणाऱ्या पेशीत फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद पडद्याच्या आतल्या थरातून बाहेर येतो. हीच ‘मला उचला’ची खूण. निरोगी पेशीवरचं सीडी४७ हे प्रथिन उलटा निरोप देतं, आणि बऱ्याच कर्करोगी पेशी नेमकं तेच अंगावर भरपूर वागवतात. उचललेल्या पुडीभोवतीच्या पिशवीला लायसोसोम येऊन मिळतात, पीएच पाचच्या आसपास उतरतो आणि कॅथेप्सिन, लायपेज, डीएनेज ही पचवणारी एंझाइमं कामाला लागतात. क्षयाचा जंतू हे मिळणंच अडवतो आणि पिशवीत सुखाने राहतो.

कामाचा आवाका तांबड्या पेशींवरून कळतो. आयुष्य सुमारे १२० दिवस, दर सेकंदाला वीसेक लाख बाद. प्लीहेतल्या फटी १-२ मायक्रोमीटरच्या, पेशी ७-८ ची. म्हातारी पेशी ताठरते, फटीतून वळून निघत नाही आणि तिथेच मॅक्रोफेजच्या हाती लागते. अशा मोडीतून रोज २०-२५ मिलिग्रॅम लोह परत मिळतं; अन्नातून येतं जेमतेम १-२.

हे काम उघड्या डोळ्यांनी पाहायचं तर मुका मार लागलेली जागा बघावी. काळंनिळं रक्त हिरवट होतं ते बिलिव्हर्डिनमुळे, पिवळं पडतं ते बिलिरुबिनमुळे (दोन्ही हिमोग्लोबिनच्या मोडीतली रंगद्रव्यं), आणि शेवटी उरणारा तपकिरी डाग साठलेल्या लोहाचा. मॅक्रोफेजचं पचन कातडीतून दिसतं.

आवरणं चुकलं तर? सी१क्यू हे प्रथिन मेलेल्या पेशींना खूण लावतं. ते जन्मतःच नसलेल्यांपैकी बहुतेकांना ल्युपस हा स्वतःच्याच शरीरावर उलटणारा प्रतिकाराचा आजार होतो. न उचललेला डीएनए पडून राहतो आणि त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडं तयार होतात.

शनिवार

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्यांनी एचएलएच हा प्रतिकारशक्ती बेलगाम होण्याचा आजार वाचावा. त्याच्या एका आनुवंशिक प्रकारात पर्फोरिनचं जनुक बिघडलेलं असतं. हे १९९९ मध्ये कळलं. टी पेशी टार्गेटला चिकटते, पण मारू शकत नाही. टार्गेट मरत नाही म्हणून तिची पकडही सुटत नाही, आणि त्या वेळात ती इंटरफेरॉन गॅमा हे मॅक्रोफेजना चेतवणारं प्रथिन ओतत राहते. मॅक्रोफेज बेभान होतात आणि अस्थिमज्जेत धडधाकट रक्तपेशीच गिळायला लागतात. ताप उतरत नाही, प्लीहा वाढते, रक्तपेशी घसरतात, रक्तातलं फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) हजारांत जातं. जंतुसंसर्ग समजून नुसती प्रतिजैविकं देत बसलं की मोलाचे दिवस वाया जातात.

उपचारात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि इटोपोसाइड, पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. इटोपोसाइड हे कर्करोगाचं औषध. इथे ते पेटलेल्या टी पेशींनाच मारतं, तेही त्याच कॅस्पेजच्या वाटेने.