राखणीची बंदूक

कोल्हापुरात आमचं बंदुकांचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, वडिलांनी वाढवलं, आता मी बसतो. विक्री, दुरुस्ती, आणि कुणाला काही कारणानं शस्त्र जमा ठेवायचं असेल तर तेही. शस्त्र कायद्यानं पोलीस ठाण्याप्रमाणेच परवानाधारक विक्रेत्याकडंही हत्यार जमा करता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आमच्या कपाटात अशा कितीतरी बंदुका असतात. वडील वारले आणि वारसाचा परवाना अजून झाला नाही, भावाभावांत वाटणी अडली, म्हातारपणी नजर गेली. प्रत्येक बंदुकीमागं एक घर असतं.

गेल्या हिवाळ्यात, ऊसतोड सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. राधानगरीच्या बाजूला काही हौशी मंडळी रात्री बॅटऱ्या आणि बंदुका घेऊन रानात शिरली आणि त्यांनी भेकर मारलं. मग त्यांच्यात आपसांत बिनसलं. वाट्यावरून की जुन्या कुठल्या रागातून, देव जाणे. त्यांच्यातल्याच एकानं फोटो बाहेर सोडले. जीपच्या बॉनेटवर आडवं टाकलेलं भेकर, शेजारी दुनळी, आणि खाली मातीत पडलेल्या लाल काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या. दोन दिवसांत तो फोटो जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचला.

यात बंदूकवाल्यांमध्येच दोन तट पडले. एक म्हणायचा, भेकर मारणाऱ्यांनी आपल्या सगळ्यांच्या तोंडाला काळं फासलं. दुसरा म्हणायचा, फोटो बाहेर सोडणारा गद्दार, आता सगळ्यांचे परवाने धोक्यात. मला दुसऱ्या तटाचा जास्त संताप आला. माझ्या दुकानात उभं राहून मला सांगत होते, 'झालं ते झालं, आपण आपली माणसं सांभाळायची.' शिकारीवर वन्यजीव कायद्याची बंधनं आली ती 1972 साली. त्यानंतर जन्मलेली माणसं आज नातवंडं खेळवायच्या वयाला आली, तरी यांना ती आपली माणसं वाटतात.

परंपरेचा दाखलाही याच तोंडानं देतात. दाजीपूरचं जंगल संस्थानाचं शिकारीचं राखीव रान होतं, हे खरंच आहे. नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आजही उभी आहेत, शाळेच्या सहली ती बघून जातात. पण त्याच रानाचं 1958 साली अभयारण्य झालं. आज राधानगरी अभयारण्य म्हणून ते साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरलंय. गवा राखला तोही कोल्हापूरनंच. परंपरा सांगायची तर तीही सांगायला हवी.

फोटो फिरले आणि आमच्या दारावरून जाणारी माणसं पाटीकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागली. आदल्या वर्षापर्यंत चित्र उलटं होतं. स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिसला 50 मीटर रायफल प्रकारात ऑलिंपिक कांस्य जिंकलं. तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्या ऑगस्टमध्ये आई-बाप लेकरांना घेऊन दुकानात यायचे, एअर रायफल कितीला, दुधाळीच्या रेंजवर कुणाला भेटायचं, असं विचारायचे. तेजस्विनी सावंत 2010 ला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं 2018 ला एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं, तेव्हाही असंच झालं होतं. या गावात बंदुकीला मान होता. एका फोटोनं तो घसरला. त्याच तालुक्याचं नाव घेतलं की लोक 'शिकारी' म्हणायला लागले.

त्या आठवड्यात पोलिसांनी त्या भागातल्या परवानाधारकांना शस्त्र तपासणीला बोलावलं होतं. सकाळी शटर उघडलं तर पायरीवर एक म्हातारा बसलेला. धोतर, अंगात स्वेटर, मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली लांब वस्तू. बघताच ओळखलं. अभयारण्याच्या कडेला त्यांचं गाव आहे. नाव लिहीत नाही, दुकानात सगळे त्यांना तात्या म्हणायचो.

"तात्या, एवढ्या सकाळी?"

"पयल्या गाडीनं आलोय. ही ठिवून घे बाबा. माझ्याच्यानं आता घरात ठिववत न्हाई."

गोणपाट सोडलं. ठासणीची बंदूक. दस्त्याला तडा गेलेला, त्यावर तांब्याची तार आवळून बांधलेली. नळीवरचा नंबर तेलानं पुसून पुसून गुळगुळीत झालेला, तिरपी धरली तरच वाचता येतो. घोडा मात्र नंतरचा दिसत होता.

"तुझ्या बानं बशिवलाय त्यो," तात्या म्हणाले. परवान्याचं पुस्तक त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी फडक्यात आणि फडकं कनवटीला असं ठेवलं होतं. पानापानावर नूतनीकरणाचे शिक्के. एकही वर्ष चुकलेलं नव्हतं.

चहा मागवला. हळूहळू बोलायला लागले. एस.टी.त गोणपाटातून दस्ता दिसला तसा शेजारचा माणूस उठून मागं जाऊन बसला. ते एक वेळ चाललं असतं. पण नात सातवीत आहे, तिला वर्गातली पोरं 'शिकाऱ्याची नात' म्हणून चिडवायला लागली. पोरगी रडत घरी आली आणि म्हणाली, आबा, ती बंदूक इकून टाका.

"जल्मात एक भेकर मारलं असंल तर ह्यो हात झडू दे," तात्या म्हणाले.

ठासणीची बंदूक काय असते हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. तिच्यात काडतूस जात नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा नाहीतर काथ्याचा बोळा, मग गजानं ठासायचं. मागं निपलवर ठिणगी देणारी छोटी टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा. एक बार काढला की पुन्हा हे सगळं पहिल्यापासून. अंधारात, थंडीनं बोटं बधिर झालेली असताना म्हाताऱ्या माणसाला किती वेळ लागत असेल! कायद्यातही तिची जागा ठरलेली आहे, पिकाच्या राखणीची बंदूक म्हणून. नाचणी किंवा भुईमूग काढायला आला की डुकरांचा कळप एका रात्रीत वावर नांगरल्यासारखं उलथून टाकतो. गवा उसात शिरला तर त्याला हात लावता येत नाही, लावूही नये. अशा वेळी माळ्यावर बसून डबा वाजवायचा, आरोळी द्यायची, आणि अगदीच नाही हललं तर आभाळाकडं नळी करून एक बार. बाकी पंचनामा आणि भरपाईची वाट.

त्यात अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन खात्याकडं नाव नोंदवावं लागतं. नवा परवाना तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळतच नाही. म्हणजे तात्यांसारख्या माणसाची बंदूक महसूल, पोलीस आणि वन अशा तिन्ही खात्यांच्या कागदावर असते. फासे लावणारा, गावठी बॉम्ब पेरणारा कुणाच्याच कागदावर नसतो. लोकांचा राग मात्र ज्याची बंदूक दिसते त्याच्यावर निघतो.

आमचं बोलणं चालू असताना कॉलेजची काही पोरं-पोरी आत आली. प्राणीप्रेमी होती, चिडलेली होती. त्यांच्यातल्या एका मुलीनं सरळ विचारलं, "काका, तुमच्याकडून काडतुसं नेणारा माणूस त्याचं काय करतो, हे तुम्हाला कळत नाही असं कसं?" मी वहीतली नोंद कशी होते, परवान्यावर आकडा कसा चढतो, ते सांगितलं. कुणाचं नाव दाखवता येणार नाही, हेही सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. प्रश्न रास्त होता. नोंद घेणं वेगळं आणि माणूस ओळखणं वेगळं, आणि या धंद्यात माणूस ओळखता येतो. बँकेचा रखवालदार वर्षानुवर्षं तीच काडतुसं बाळगतो, पितळ हिरवं पडेपर्यंत. नेमबाज शेकड्यानं नेतो आणि तेवढाच हिशेब देतो. आणि एखादा असतो, तो दर हिवाळ्यात एलजीच मागतो. एलजी म्हणजे मोठे छर्रे. घराच्या राखणीसाठी दर थंडीत ते संपत नाहीत.

दुपारी जेवणाच्या सुमाराला तसलाच एक आला. तात्यांची पावती लिहायची होती, ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते. आलेला माणूस जुनं गिऱ्हाईक, गावात वजन असलेला. चामड्याच्या केसमधून दुनळी काढून काउंटरवर ठेवली.

"शेठ, उद्या तपासणीला न्यायचीय. जरा नळ्या साफ करून दे. आणि मागं दहा काडतुसं नेली होती ना, ती परत घेतल्याची तेवढी नोंद टाक. तारीख जुनीच घाल."

मी बंदूक सांध्यात उघडून नळ्या उजेडाकडं धरल्या. साफ करायचा प्रयत्न घरी झाला होता, वरवरचा. डाव्या नळीत तोंडाजवळ शिशाचे करडे ओघळ दिसत होते, आणि मागं काडतूस बसतं त्या घराच्या कडेला काजळीचं कडं. कपाटात पडून राहिलेल्या बंदुकीत असं दिसत नाही. तिच्यात धूळ आणि घट्ट झालेलं तेल असतं.

"काडतुसं आणलीत?" मी विचारलं.

"ती असती तर तुझ्याकडं कशाला आलो असतो?"

"मग नोंद होणार नाही, दादा. नळ्याही मी पुसणार नाही."

तो हसला. मग आवाज चढला. वडिलांपासूनचे संबंध काढले, किती गिऱ्हाईकं आणून दिली ते काढलं. शेवटी म्हणाला, "आपणच एकमेकांना सांभाळलं नाही तर हे लोक आपल्या सगळ्यांच्या बंदुका काढून घेतील."

तेवढ्यात तात्या उठले. काउंटरपाशी आले, कुणाला न विचारता वाकून त्यांनी नळीच्या मागच्या तोंडाला नाक लावलं आणि परत सरळ झाले.

"ही वाजल्याली हाय," म्हणाले. "आनि काय वं, आपन म्हंजी कोन? मी तुमच्यातला न्हवं. आमी बार काढतो त्यो डुकरानं पळून जावं म्हनून. तुमच्या हौसंपायी माझी नात शाळंत मान खाली घालून बसतीया. तिला कोन सांभाळनार?"

त्या माणसाला असं तोंडावर बोलणारं त्याच्या गावात कुणी नसावं. क्षणभर तो तात्यांकडं बघत राहिला. मग बंदूक केसमध्ये घालून निघून गेला. मी अडवलं नाही. तो अधिकार मला नाही आणि भरलेल्या दुकानात झटापट करणं शहाणपणाचंही नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तसा मी ठाण्यात फोन लावला. काय मागणी झाली, नळीत काय दिसलं, वहीत त्याच्या नावावर किती काडतुसं आहेत, सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी जाऊन जबाब दिला, स्टॉकची वही हजर केली. वन्यजीव कायद्याखाली गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं हत्यार सरकारजमा होतं, वाहनसुद्धा. त्याचं काय व्हायचं ते न्यायालयात होईल.

धंद्यातल्या काही जणांनी त्यानंतर माझ्याशी बोलणं तोडलं. गिऱ्हाईकाची गोष्ट पोलिसांना सांगायची नसते म्हणे. परवाना म्हणजे सरकारनं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्या माणसावर टाकलेला विश्वास, आणि तो सांभाळायचं काम आधी आमचं आहे. खोट्या नोंदी करून चार बंदुका वाचवल्या तर उरलेल्या सगळ्यांकडं लोक संशयानं बघणारच, आणि त्यांना बोल लावायला आम्हाला तोंड राहणार नाही.

तात्या संध्याकाळच्या गाडीला निघाले तेव्हा मी त्यांना तो फोटो मोबाईलवर मोठा करून दाखवला. खाली पडलेल्या पुंगळ्यांवर बोट ठेवलं. "तात्या, हे बघा. ही बारा बोअरची काडतुसं. तुमच्या बंदुकीत ही जातच नाहीत. एवढं गावात सांगितलंत तरी पुरे."

"माझं कोन ऐकतंय?"

मग त्यांच्याच समोर गावच्या पोलीस पाटलांना फोन लावला. कोण बोलतोय ते सांगितलं, पुंगळ्यांची गोष्ट सांगितली, तात्यांच्या परवान्यावर किती वर्षांचे शिक्के आहेत ते सांगितलं. पाटील समजूतदार निघाले. म्हणाले, शाळेच्या मुख्याध्यापकांशी मी बोलतो आणि ग्रामसभेत विषयही घेतो. तात्या फोनला कान लावून ऐकत होते.

"मग बंदूक नेताय का परत?" मी विचारलं. नाचणी अजून वावरात उभी होती.

त्यांनी थोडा विचार केला. "ग्रामसभा हू दे आदी. नात हो म्हनाली की न्हेतो." जमा पावती त्यांनी परवान्याच्या पुस्तकात घातली, पुस्तक पिशवीत, पिशवी फडक्यात. ग्रामसभा पुढच्या आठवड्यात होती, आणि पाटलांनी मलाही यायला सांगितलं होतं. एक रिकामी पुंगळी आणि एक टोपी बरोबर घेऊन मी गेलो. ठासणीत काय जातं आणि काय जात नाही हे हातात धरून दाखवलं की लोकांना पटतं.