नोंद ७ : अखेर पऱ्हाटी उगवली

बावीस दिवस गेले, पण चोर सापडला. घरचाच निघाला.

मागच्या नोंदीत रडून झालंय, म्हणून लक्षणं थोडक्यात. मी बांधतोय त्या वऱ्हाडी शब्दांच्या वेब-पानावर 'पऱ्हाटी' तीन जागी तीन तऱ्हांनी दिसत होती. वरच्या मथळ्यात बरोबर. यादीत काही ठिकाणी रफार घेऊन 'पर्हाटी'. आणि काही ठिकाणी 'ऱ्हा' तेवढा जाडजूड, दुसऱ्याच फाँटातला, जसा एखादा पाहुणा चुकून भलत्याच लग्नात जेवायला बसावा. अकोट तालुक्यात राहायचं, घरचा कापूस वेचायचा, आणि कापसाच्या झाडाचंच नाव धड उमटू नये! शेजारच्या काकूंना फोन दाखवला तर म्हणाल्या, "हे काय लिवलं बापा, परहाटी?"

एकच शब्द असता तर सोडूनही दिला असता. पण तो आडवा, भुवईसारखा र प्रमाण मराठीत 'दुसऱ्या', 'बऱ्याच'मध्ये येतोच, वऱ्हाडीत तर 'करून ऱ्हायलो', 'जाऊन ऱ्हायली' यांच्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. बाबा रोज रात्री विचारतात, "काय करून ऱ्हायला बे तू रातभर?" तेवढंसुद्धा माझं पान बरोबर लिहू शकत नव्हतं.

पहिला संशय फाँटवर. मुक्ता काढून नोटो लावला, मग टायरो देवनागरी मराठी. (टायरो मथळ्याला देखणा आहे, पण स्वस्त फोनच्या पडद्यावर त्याच्या बारीक रेषा मरतात. मजकुराला मुक्ताच बरा, हे माझं मत कायम.) फरक शून्य. मग पान कोणत्या भाषेत आहे हे ब्राउझरला सांगणारी खूण तपासली. पानाला 'एमआर', म्हणजे मराठी, लावलेलं होतं, नोटोत मराठी वळणाचे ल आणि श येतही होते. मग ब्राउझरला शिव्या. मग चार दिवस काहीच नाही, कारण वेचणी आणि रात्रीची वीज.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. तिन्ही शब्दांतल्या एकेका वर्णाचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक ज्यानं वर्ण ओळखतो तो आकडा, छापून पाहिला. आणि हसूच आलं. मथळा मी हातानं टाइप केलेला, त्यात साधा र, हलन्त आणि मागे २००डी, म्हणजे न दिसणारा जोडक. यादीतल्या जाड शब्दांत ०९३१, म्हणजे स्वतंत्र ऱ, आणि हलन्त. रफारवाल्यांत र आणि हलन्त, मागे काहीच नाही. जोडक गायब.

गायब कोणी केला? मीच. लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या शब्दांत अदृश्य कचरा येतो म्हणून शून्य रुंदीची सगळी चिन्हं उडवणारी कोडची एक तयार ओळ फेब्रुवारीत कुठूनतरी उचलून चिकटवली होती. इंग्रजीला तो कचरा. आपल्याकडे त्याच जोडकावर र आडवा होतो, तो काढला की र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. आणि जाड 'ऱ्हा'चं कारण असं की पायएफटीसबसेटनं (फाँटातले नको ते वर्ण काढून तो हलका करणारं साधन) फाँट छाटताना वर्णांची यादी मी फक्त मुखपृष्ठावरून काढली होती. त्यात ०९३१ नव्हताच. फाँटात वर्ण नसला की ब्राउझर ते अख्खं जोडाक्षर फोनच्या फाँटातून आणतो.

उपाय दहा मिनिटांचा. छाटणीच्या यादीत ०९३१ घातला. र, हलन्त, जोडक असा क्रम दिसला की तिथे ०९३१ आणि हलन्त, मग सगळा मजकूर एनएफसीतून, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणाऱ्या युनिकोडच्या रीतीतून. एका भाऊंनी र खाली नुक्ता देऊन शब्द पाठवले होते. युनिकोड त्याला आणि ऱ ला एकच मानतं, पानाचा शोध ज्या भाषेत लिहिलाय त्या जावास्क्रिप्टची तुलना मानत नाही, म्हणून ते शोधात सापडत नव्हते. एनएफसीनं तेही रुळावर आले. ज्यांचे जोडक मी आधीच खाल्ले होते ते शब्द मात्र हातानं दुरुस्त केले, कारण 'पर्हाटी' चूक आणि 'अर्हता' बरोबर हे यंत्राला कसं सांगणार? गिऱ्हाईक, बऱ्हाणपूर, तऱ्हा, सगळे जागेवर. काकूंना पुन्हा दाखवलं. त्यांनी वाचलं आणि काहीच बोलल्या नाहीत. मी ते कौतुक समजतोय.

आता गेल्या वेळचा वाद, वेब डिझाइनचं पुढे काय. तुम्ही बहुतेकांनी लिहिलंत की पाच वर्षांत पान कोणी हातानं बांधणार नाही, एआयला सांगायचं. मलाही तसंच वाटतं, म्हणूनच धाकधूक आहे. प्रयोग म्हणून एका एआयला हेच पान बांधायला सांगितलं. दिसायला झकास. पण मथळ्यात अक्षरांमध्ये अंतर सोडलेलं, म्हणजे शिरोरेषेचे तुकडे, आणि ओळींची उंची १.१, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत. माझं भाकीत असं की डिझाइन सांगून होऊ लागलं की न सांगितलेल्या गोष्टीच डिझाइन ठरवतील, आणि त्या सध्या रोमन लिपीच्या आहेत.

पानाच्या मांडणीतल्या टेक्स्ट-बॉक्स या नव्या सोयीचंच बघा. ओळीच्या वरची-खालची रिकामी जागा कापायची सोय क्रोम आणि सफारीत आली. कापायची कुठून, तर कॅपिटल अक्षरांच्या माथ्यापासून किंवा लहान एक्स अक्षराच्या उंचीपासून. शिरोरेषेपासून का नाही? माझी पहिली आशा ही. दुसरी इन्क्रिमेंटल फाँट ट्रान्सफरची, ज्यावर डब्ल्यूथ्रीसीत, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेत, काम चालू आहे. पानाला लागतील तेवढीच अक्षरं तुकड्या-तुकड्यानं येतील. ते सगळीकडे आलं की माझी ही छाटाछाटी बंद, शेताच्या धुऱ्यावर उभं राहून एका काडीच्या नेटवर्कवरही पान उघडेल.

थांबा. हे लिहिता लिहिता डोक्यात आलं, मी फाँट पाठवतोच कशाला? बाबांच्या जुन्या अँड्रॉइडमध्ये नोटो आधीपासून आहे. मजकूर फोनच्याच फाँटात ठेवला आणि मुक्ता फक्त मथळ्याला, तर? आत्ता मजकुराला मुक्ता लावणारी ओळ बंद करून बघितली. पान झटकन उघडलं, पऱ्हाटी शाबूत. बावीस दिवसांच्या छाटणीवर पाणी, पण चालेल.

म्हणजे पुढची नोंद ठरली होती तशी उच्चाराच्या बटणाची नाही. आधी फोनचे फाँट तपासतो. ज्यांच्याकडे पाच-सहा वर्षं जुने फोन पडलेत त्यांनी 'गिऱ्हाईक' आणि 'ऱ्हायलो' उघडून पडद्याचा फोटो पाठवा, अँड्रॉइडची आवृत्तीही लिहा. 'सांबार'ची नोंद मी बदलणार नाही, पुण्यावाल्यांनी कितीही कळवलं तरी. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात.