आंजेलुस आता साडेचारला

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार

इटलीतली घड्याळं आज पहाटे एक तास मागे गेली. रोममध्ये पोपची आंजेलुस, म्हणजे रविवारची दुपारची प्रार्थना, बारा वाजताच होते, पण आपल्याकडे ती गेल्या रविवारपर्यंत दुपारी साडेतीनला यायची, आता मार्चअखेरपर्यंत साडेचारला. साडेतीनला रेडिओ लावणाऱ्याला भलतंच काहीतरी ऐकू येतं आणि त्याची खात्री पटते, झालं, व्हॅटिकन रेडिओ बंद पडला. वर्षातून दोनदा हा घोळ ठरलेला. शॉर्टवेव्हच्या, म्हणजे हजारो किलोमीटर जाणाऱ्या रेडिओलहरींच्या, वेळा आणि फ्रिक्वेन्सीही याच दिवशी बदलतात. स्टेशनच्या तक्त्यात वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे, बस्स.

या बदलांची जुन्या श्रोत्याला सवय आहे. काळजी दुसऱ्याच बदलांची वाटते, आणि ते घड्याळासारखे मार्चमध्ये परत फिरत नाहीत.

सोमवार

व्हॅटिकन रेडिओतल्या त्या बदलांचा क्रम लावून पाहिला. 12 फेब्रुवारी 1931 ला रेडिओचा जनक मार्कोनीने उभारलेल्या केंद्रावरून पोप अकरावे पायस लॅटिनमध्ये बोलले. ट्रान्समीटर 10 किलोवॅटचा. 1957 मध्ये रोमबाहेर सांता मारिया दि गालेरियाला मोठं प्रक्षेपण केंद्र झालं. चालवणारे पहिल्यापासून जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर होते. 1 जुलै 2012 ला युरोपच्या बहुतेक भागाकडचं आणि अमेरिकेकडचं शॉर्टवेव्ह-मीडियमवेव्ह थांबलं. आशिया-आफ्रिका राहिले, कारण तिथे ऐकणाऱ्याला दुसरी सोय नव्हती. 2015 मध्ये व्हॅटिकनची सगळी प्रसारमाध्यमं एका सचिवालयाखाली आणायचं ठरलं, आणि 2017 च्या शेवटी ‘व्हॅटिकन न्यूज’ ही वेबसाइट आली. फिलिपिन्समधल्या रेडिओ व्हेरितास एशिया या कॅथलिक स्टेशनने तर 2018 मध्ये शॉर्टवेव्ह सोडून इंटरनेटच धरलं.

2024 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सांता मारिया दि गालेरियाच्या जमिनीवर सौरऊर्जेचा प्रकल्प उभारायचा आदेश काढला. जुन्या श्रोत्यांच्या मनात पाल चुकचुकली: आता अँटेना उपटणार. आदेशात मात्र ती वीज तिथल्या रेडिओ केंद्रालाही द्यायची म्हटलंय. तेव्हा इतक्यात सुतक पाळायचं कारण नाही.

मंगळवार, रात्री

‘हल्ली सिग्नलच येत नाही’ ही तक्रार निम्म्या वेळा घरातच निर्माण झालेली असते. रोम ते मुंबई सहा हजार किलोमीटरच्या वर. लहर वातावरणातल्या वरच्या, विद्युतभारित कणांच्या (आयनांच्या) थरावर आपटून खाली येते, पुन्हा वर जाते. एका उडीत फार तर चार हजार किलोमीटर, म्हणजे किमान दोन उड्या. एवढा प्रवास करून आलेला क्षीण आवाज शेवटच्या दोन मीटरवर एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर किंवा इन्व्हर्टर गिळून टाकतो.

तपासणी सोपी आहे. रेडिओ सेलवर चालवा आणि घराचा मेन स्विच पाडा. खरखर गेली तर दोष घरात. मग मेन चालू करून एकेक प्लग काढत जा, चोर सापडतो. बहुधा स्वस्तातला चार्जर. खरखर तशीच राहिली तर ती शेजारून किंवा रस्त्यावरच्या दिव्यांतून येतेय. त्यावर उपाय म्हणजे आठ-दहा मीटर प्लास्टिक आवरणाची तांब्याची वायर खिडकीबाहेर, विजेच्या तारांपासून लांब सोडायची आणि क्रोकोडाइल क्लिपने (दातेरी चिमट्याने) रेडिओच्या अँटेनाच्या दांडीला जोडायची. त्याहून लांब नको. लहान रेडिओ जास्त सिग्नलने गुदमरतो आणि तीनतीन स्टेशनं एकमेकांवर चढतात. मेघगर्जना सुरू झाली की आधी वायर सोडवायची.

शॉर्टवेव्हचे पट्टे लहरींच्या लांबीने, मीटरमध्ये, ओळखतात. हिवाळ्यात रात्री 49, 41, 31 मीटर, दिवसा 19 आणि 16. उन्हाळ्यातल्या जागेवर काटा तसाच ठेवणारा हमखास फसतो.

बुधवार

खरं दुखणं लहरींचं नाहीच. ठरल्या वेळी लागणारा कार्यक्रम आणि हवी तेव्हा उघडायची क्लिप यांत फरक आहे. कार्यक्रमाला दार असतं: ‘ख्रिस्तुस विन्चित’ (ख्रिस्त जिंकतो) ही स्टेशनची ओळखधून, नमस्कार, बातम्या, मग पोपचं बोलणं. ऐकणारा एका बातमीसाठी आलेला असतो आणि न मागितलेल्या दोन ऐकून जातो. तुकडे केले की ज्याने त्याने आपल्या आवडीचा उचलायचा, कॉंगोतल्या मिशनची बातमी कोण शोधून उघडणार?

भारतासाठी शॉर्टवेव्हवर भाषा चार: हिंदी, तमिळ, मल्याळम, इंग्रजी. मराठी नाही. वसईच्या श्रोत्याने हिंदीवरच भागवलं, गोव्यातल्याने बहुधा इंग्रजीवर. त्यातही अडलं नाही, कारण वेळ ठरलेली होती आणि रेडिओला रिचार्ज लागत नाही. अर्ध्या तासाची फाइल 64 केबीपीएसला 14.4 एमबी होते. डेटा फार नव्हे, पण जिच्या घरी स्मार्टफोन मुलाच्या खिशात असतो त्या आजीला 14 काय आणि 140 काय.

हट्ट एवढाच धरावा: लहरी जायच्याच असतील तर जाऊ देत, अर्धा तास सलग ठेवा. एकच फाइल, तारखेनिशी, रोज त्याच वेळी.

गुरुवार

मे 2021 मध्ये पोप फ्रान्सिस रेडिओच्या नव्वदीनिमित्त तिथे गेले आणि कर्मचाऱ्यांनाच विचारलं, हा रेडिओ ऐकतात किती जण? प्रश्न रास्त होता. खर्च होतो, हिशोब द्यावा लागतो. पंचाईत अशी की क्लिपवर पडलेलं प्रत्येक बोट मोजलं जातं, शॉर्टवेव्हच्या श्रोत्याची मात्र कुठेच नोंद होत नाही. तो असतो, पण आकड्यात दिसत नाही.

दिसायचं असेल तर स्टेशनला रिसेप्शन रिपोर्ट, म्हणजे प्रसारण कसं ऐकू आलं याचा अहवाल, पाठवावा. तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये, रेडिओ कोणता, अँटेना किती मीटर. मग सिन्पो, म्हणजे पाच आकडे: सिग्नलचा जोर, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, खरखर, लहरींची स्थिरता, एकूण दर्जा. 5 उत्तम, 1 टाकाऊ. सरसकट 55555 लिहू नये, अभियंत्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. 34333 आणि ‘बाराव्या मिनिटाला आवाज बुडाला’ हे कामाचं. शिवाय किमान पंधरा मिनिटांत काय काय ऐकलं ते तपशिलाने लिहावं, ‘प्रार्थना व बातम्या’ एवढ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि वेळ यूटीसीतच. भारतीय वेळ टाकली तर त्या क्षणी त्या फ्रिक्वेन्सीवर त्यांचं प्रसारणच नसतं, आणि रिपोर्ट खोटा ठरतो.